पाळण्यापाशी रात्री कोण येतं

४ जानेवारी, रविवार. संध्याकाळ
आणलं एकदाचं. दिपाली आणि बाळ्या धर्मापुरीहून धारूरला सुखरूप पोचले. गाडीत बाळ्या सगळा वेळ झोपून होता. रस्त्याला एवढे खड्डे, ड्रायव्हरची एवढी गाणी, तरी ढिम्म. तेव्हाच मला शंका आली.

सासूबाईंना पाठवायचं नव्हतं. पहिलटकरीण बाई तीन महिने तरी माहेरी राहावी, त्यातून पौषात लेकरू हलवू नये, असं सगळं ऐकवून झालं. मी म्हणालो, मी विज्ञान मानतो. लेकरू महिनाभर लवकर झालं, आधी अंबाजोगाईला काचेच्या पेटीत, मग आजोळी. बापाने काय नुसते मोबाइलवर फोटो बघायचे? शेवटी माझा हट्ट चालला. पण विमलबाई त्या विमलबाईच. गाडीत बसता बसता अट घातली. म्हणाल्या, जावईबापू, आमच्याकडं लेकरू रातभर गपगार झोपतंय. तुमच्याकडं बी झोपलं तर लई चांगलं. न्हाई झोपलं तर अवस झाली की सोमवारी गाडी पाठिवते, दोघायला परत आणते, मग पाडव्यापस्तोर नाव काढायचं न्हाई.

मी हो म्हणालो. अवस अठराला आहे. दोन आठवडे हातात आहेत, आणि मी काही कच्चा माणूस नाही. सहा वर्षं मीटर रीडिंग करतोय. दारात उभ्या माणसाचं तोंड बघून सांगतो, याच्या मागच्या भिंतीवरून तारेवर आकडा टाकलाय, वीज चोरून वापरतोय. तिथे तीन किलोचं लेकरू माझ्यापासून काय लपवणार?

'रातभर झोपतंय' हे मात्र डोक्यातून जाईना. इंटरनेटवर बघितलं. या वयाचं कुठलंच लेकरू रात्रभर झोपत नाही. मग तिकडे त्याला काय देत होते?

ही डायरी बियाण्याच्या दुकानात फुकट मिळाली. पानोपानी कपाशीची जाहिरात आहे, पण तपासाला पुरेल.

रात्रीची सगळी जबाबदारी मी घेतली आहे. दिपालीला सांगितलं, तू फक्त पाजायचं आणि झोपायचं, बाकी मी बघतो. ती बाळ्याला घेऊन आत गेली. दमली असावी.

५ जानेवारी, सोमवार
बाळ्या पाचदा उठला. मी तीनदा पाहणी केली. तिन्ही वेळा पाहणी संपते न संपते तोच त्याने भोंगा सुरू केला. म्हणजे मी अगदी वेळेवर पोचतो, फक्त थोडक्यात उशीर होतो. आजपासून पाहणी वाढवायची.

पाहणी म्हणजे विशेष काही नाही. बॅटरी मारायची, बोट नाकाखाली धरायचं, गरम वाफ लागली की परत यायचं. थंडीने बोट गार पडलेलं असतं, त्यामुळे लवकर कळत नाही. मग जरा जवळ न्यावं लागतं. कधी कधी टेकवावं लागतं.

६ जानेवारी, मंगळवार
पहिला संशयित सापडला. पाळणा. लोखंडी आहे, आईने तिच्या माहेराहून आणलेला, मी यातच वाढलो. झोका दिला की कर्र-कुर्र करतो. त्या आवाजाने लेकरू दचकत असणार, दुसरं काय. गाडीचं ग्रीस आणून दोन्ही कड्या चांगल्या माखल्या. आता आवाज औषधालाही नाही.

आई म्हणाली, आज्या, मुडद्या, त्या कुरकुरीवरच तर झोपतंय ते. तू बी तसाच झोपायचास. मी तिला समजावून सांगितलं की जुन्या लोकांचे असे बरेच गैरसमज असतात.

रात्री दहा. पाळणा गप. बाळ्या डोळे टक्क उघडे ठेवून कड्यांकडे बघतोय. दिपाली म्हणते, आवाजाची वाट बघतंय ते. मला तसं वाटत नाही.

नंतर: तोंडाने कर्र-कुर्र काढत बसलो. तासभर. झोपला. खात्री करायला पाहणी केली. उठला.

७ जानेवारी, बुधवार
घसा बसलाय.

खरा संशयित शेजारी आहे. तात्याबाचा कोंबडा. पहाटे चारला हा बांग देतो आणि त्याच सुमाराला बाळ्या उठतो. तात्याबाला नीट शब्दांत सांगितलं, महाराष्ट्रातलं प्रत्येक लेकरू झोपलं पाहिजे, कोंबडा रात्री डालग्याखाली घाला, वरून पोतं टाका. म्हातारा म्हणाला, कोंबडं झाकलं म्हनून उजाडायचं ऱ्हातंय व्हय? आणि खो खो हसला. एवढं हसण्यासारखं त्यात काय होतं?

मग उलट मलाच विचारतो, काय बे आज्या, तुझ्या घरात रातभर बॅटरी कोन मारतंय? उजेड सारा माझ्या तोंडावर येतो. मी म्हणालो, चौकशी करतो. चौकशी केली. घरात बॅटरी एकच आहे आणि ती माझ्या उशाला असते. म्हाताऱ्याला मोतीबिंदू झालेला दिसतो.

८ जानेवारी, गुरुवार
आज शहाण्यासारखं वागलो. सासूबाईंनी दिलेली बाळगुटीची पिशवी गुपचूप ताब्यात घेतली. हळकुंड, वेखंड, मुरडशेंग, खारीक, बदाम, जायफळ. सगळं साधंच दिसतं, आणि हीच शंकेची गोष्ट आहे. आकडा टाकणाऱ्याचं मीटरही असंच साधं दिसतं.

मेडिकलवाल्याला दाखवलं. त्याने वास घेतला आणि परत दिलं. म्हणाला, ही गुटी हाय. आजकाल शिकलेल्या लोकांना काही म्हणजे काही माहीत नसतं. शेवटी ठरवलं, प्रयोग स्वतःवर करायचा. सकाळी सगळ्याचा थोडा थोडा तुकडा चावून खाल्ला. जायफळ कडक होतं, अर्धंच गेलं. तारीख, वेळ लिहून ठेवली आणि रीडिंगला निघालो.

दुपारी जाग आली तेव्हा एका अनोळखी घराच्या ओट्यावर होतो. तोंड कोरडं, डोकं जड. घरातली बाई माझ्यावर कांदा धरून उभी होती आणि दोन म्हातारे मला झटका आलाय की मी प्यायलोय यावर वाद घालत होते. मीटरचा फोटो राहून गेला.

पण संशय खरा ठरला! संध्याकाळी सासूबाईंना फोन लावला आणि सरळ विचारलं, जायफळाने झोप येते हे तुम्हाला माहीत होतं की नाही? त्या म्हणाल्या, अवो जावईबापू, सहाणीवर एक येढा फिरवायचा असतोय, निस्ता एक येढा. तुमी अख्खं खाल्लं व्हय? मी म्हणालो, अर्धं. पलीकडून मामांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, खोकण्याचा आवाज आला. ते खोकणं नव्हतं.

गुटी बंद. दिपालीने पिशवी माझ्या हातातून घेऊन पदराआड ठेवली, ते मी न पाहिल्यासारखं केलं.

१० जानेवारी, शनिवार
काल काही लिहिलं नाही. झोप अनावर झालीय.

इंटरनेटवर एक गोष्ट मिळाली. आईच्या पोटात असताना लेकराला जसा घों-घों आवाज ऐकू येतो तसा आठ तासांचा व्हिडिओ. लाखो लोकांनी बघितलाय. काल रात्री लावला. खरंच सांगतो, बाळ्या पंधरा मिनिटांत गाढ. मी मोबाइल पाळण्याच्या गादीखाली ठेवला आणि म्हणालो, जमलं. तेवढ्यात घों-घों थांबलं आणि एक बाप्या ओरडला: शेतकरी बंधूंनो, बोअर कितीही खोल असू द्या! पाण्याच्या मोटारीची जाहिरात. मोबाइल गादीखालून निघता निघेना. बंधू तीनदा ओरडला.

आई उठली, बाळ्या उठला, तात्याबा उठला, कोंबडा उठला.

आज साहेबांचा फोन. म्हणाले, बारा मीटरच्या फोटोत नुसता तुझा अंगठा आलाय. कुणीतरी माझ्या ॲपमध्ये गडबड करतंय.

१२ जानेवारी, सोमवार
वेगळाच विचार मनात आलाय. लिहायला नको वाटतं, पण तपासात नातं बघायचं नसतं.

बाळ्या स्वतः.

पुरावा असा. लांबून बघितलं तर झोपलेला. मी जवळ गेलो, बोट लावलं की डोळे उघडे. दिपाली जवळ गेली तर झोपलेलाच. आई गेली तर झोपलेलाच. फक्त मला बघून उठतो. म्हणजे झोपेचं सोंग. पण कशासाठी? आजोळी परत जायचंय म्हणून? सासूबाईंनी काही शिकवून पाठवलंय का? दीड महिन्याच्या लेकराला काय शिकवता येतं, याची माहिती इंटरनेटवर धड मिळत नाही.

दिपालीला हळूच बोलून दाखवलं. ती म्हणाली, तुमी कावून जवळ जाता मग? हा काही मुद्द्याला धरून प्रश्न नव्हता.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत
आज बायकांचं हळदीकुंकू. मी म्हणालो, दारात बसतो आणि कोण आलं, कुणी लेकराकडे किती वेळ बघितलं, एवढंच टिपतो. आईने लाटणं हातात घेऊन मला ओसरीवर बसवलं. आई दृष्ट मानते. मी मानत नाही, पण टिपायला काय हरकत आहे?

ओसरीवरून जेवढं दिसलं तेवढं: समोरची बायडाबाई आली. आली ती थेट पाळण्याकडे. म्हणाली, अगं बया, किती गुटगुटीत दिसाय लागलंय! उचललं, मांडीवर घेतलं. आणि बाळ्या झोपला! भोवती पंधरा बायका, बांगड्या, वाटी-चमच्यांचा आवाज, तिळगुळ घ्या, कुणाची सून पळाली, सगळं रंगात आलेलं आणि हा मांडीवर मेल्यागत... असलं लिहू नये. खोडलं. गाढ. दोन तास.

एवढ्या गोंगाटात लेकरू झोपतं म्हणजे त्या बाईने काहीतरी केलंच. दारात गाठून विचारलं, तुम्ही नेमकं काय केलं? ती म्हणाली, काय करायचं? मांडी दिली. एवढंच म्हणून तरातरा निघून गेली. गडबडीने जाण्यासारखं काय होतं?

रात्री चुलीत मिरच्या तडतडल्या. आईने मीठ-मोहरी ओवाळून टाकली. सगळे खोकलो. बाळ्याही खोकला. मी लगेच पाहणी केली.

१५ जानेवारी, गुरुवार
किंक्रांत. आई म्हणते, आज कुठलंही काम सुरू करू नये. मी विज्ञान मानतो, पण आज तसंही काही सुचत नाहीये.

दुपारी दिपाली बाळ्याला घेऊन उन्हात बसली होती. बाळ्याच्या डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली आहे. डिट्टो माझ्यासारखी. अंबाजोगाईला पेटीत होता तेव्हा त्या काचेतून मला नीट तेवढंच दिसायचं. बाकी सगळ्या नळ्या आणि पट्ट्या. नर्सबाई म्हणाली होती, मशीन वाजलं तर आवाज द्या, तोपर्यंत बसून राहू नका. मशीन काही वाजलं नाही. मी मात्र तिथेच बसून राहिलो. श्वास घेतला की त्याचं पोट एवढंसं वर यायचं. मग थांबायचं. मग परत वर यायचं. ते थांबायचं तेव्हा माझंही थांबायचं.

आता घरी मशीन नाही. त्याचं काही नाही, मी आहे ना.

मला भीती वगैरे वाटत नाही. भीती वेगळी, पाहणी वेगळी.

१६ जानेवारी, शुक्रवार
काल रात्री माझ्याविरुद्ध ठराव झाला. सासू-सुनेत एकी व्हायची नसते असं ऐकून होतो. आमच्या घरात झाली. माझी गादी ओसरीवर टाकली. आई म्हणाली, एक रात भाईर झोप, लेकराला बी बरं आन तुला बी. मी निषेध नोंदवला. पांघरूण घेऊन निषेध करता करता जो पडलो तो सकाळी दूधवाल्याने उठवलं.

आणि बातमी अशी: बाळ्या रात्री दोनदाच उठला, दूध प्यायला आणि परत झोपला. दोनदाच!

म्हणजे माझ्या ग्रीसचा परिणाम दिसायला लागला. चांगल्या उपायाला वेळ लागतो. गुटी बंद केली तोही मोठा निर्णय होता. (दिपाली रोज एक येढा देतेय असा संशय आहे. दुर्लक्ष केलं.) सासूबाईंना फोन करून सांगितलं, आता गाडीची गरज पडणार नाही. त्या म्हणाल्या, बघू. त्यांच्या 'बघू'चा सूर आवडला नाही.

आज भरपूर झोप झाल्यामुळे डोकं साफ आहे. आता आळस नको. रात्रीपासून पाहणी परत सुरू.

१७ जानेवारी, शनिवार
घात! सहा वेळा उठला. परवा झोपतो, काल उठतो. मधल्या काळात काय बदललं? घर तेच, पाळणा तोच, ग्रीस तेच. याचा अर्थ एकच. रात्री कुणीतरी पाळण्यापाशी येतं आणि लेकराला उठवतं.

हे सुचलं तेव्हा अंगावर काटा आला आणि बरंही वाटलं. इतके दिवस मी वस्तूंच्या मागे लागलो होतो. मागे लागायचं असतं माणसाच्या.

संशयित तीन. आई, कारण तिचा ग्रीसवर राग आहे. दिपाली, कारण तिला माहेरी जायचं असू शकतं. बायडाबाई, कारण मागचं दार नीट लागत नाही.

टीव्हीवरच्या एका मालिकेत इन्स्पेक्टर जमिनीवर पावडर टाकून ठसे घेतो. आपल्याकडे पावडरचा डबा छोटा आहे. पण ज्वारीचं पीठ भरपूर आहे. कालच दळून आणलं.

रात्री साडेबारा. सगळे झोपलेत. चाळणीने पाळण्याच्या चारी बाजूंनी पीठ पसरलं. हातभर रुंद पट्टा, एकसारखा. रांगोळीसारखं सुरेख दिसतंय. आता जो कुणी येईल त्याचं पाऊल यात उमटणार म्हणजे उमटणार. उद्या अवस. उद्या सकाळी सगळा उलगडा होईल आणि मी तो सगळ्यांसमोर करीन. भाषण मनात तयार आहे.

१८ जानेवारी, रविवार. अवस
कुठून सुरुवात करू?

सकाळी आई आधी उठली. दिवा लावायला आत गेली आणि अशी किंचाळली की तात्याबा काठी घेऊन धावत आला, बायडाबाई हातातल्या पोह्यांसकट आली. आई भिंतीला धरून उभी होती. पाळण्याभोवती पीठ आणि पिठात पावलं. अवसेच्या सकाळी.

बायडाबाईने तोंडावर पदर घेतला. तात्याबाने टोपी काढली आणि दबक्या आवाजात विचारलं, कोन गेलं?

आता लिहिताना कळतंय. माणूस गेलं की त्याच्या जागेवर दिव्याजवळ पीठ पसरतात आणि सकाळी त्यात कुणाचं पाऊल उमटलं ते बघतात. मला हे माहीत नव्हतं असं नाही. वडील गेले तेव्हा पीठ मीच चाळून दिलं होतं. याच चाळणीने. पण साडेबाराला माणसाच्या डोक्यात इन्स्पेक्टर असतो, हे नसतं.

मी पुढे झालो आणि म्हणालो, घाबरू नका, पीठ मी टाकलंय, तपासासाठी. आईने मला दोन मारल्या. बत्तीस वर्षांच्या माणसाला, शेजाऱ्यांसमोर. म्हणाली, जित्या लेकराभवती पीठ टाकतोस, रांडच्या? आणि मग खाली बसून रडायला लागली. मला तिचं रडणं बघवेना. तेवढ्यासाठी वाईट वाटलं. खूप वाटलं.

पण तपास तपास असतो. मी म्हणालो, आधी पावलं तर बघा कुणाची आहेत.

दिपाली उठून आली होती. बाळ्या तिच्या खांद्यावर. तिने वाकून पावलं बघितली. मोठी, रुंद, चार वेळा आलेली, चार वेळा गेलेली. डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. ती म्हणाली, असली करंगळी या घरात दोघायचीच हाय. त्यातलं एक आजून चालत न्हाई.

सगळ्यांनी माझ्या पायांकडे बघितलं. मीही बघितलं. घोट्यापर्यंत पीठ होतं.

मी खुलासा केला की रात्री मी चारदा गेलो होतो हे खरं आहे, पण ते फक्त पीठ शाबूत आहे का हे बघायला. आणि तिथवर गेलोच आहे तर बाळ्याचा श्वास बघितला, तो उठला तेव्हा उचलून दिपालीकडे दिला. एवढंच. खरा गुन्हेगार हुशार आहे, तो बरोबर माझ्याच पावलांवर पाऊल ठेवून आला असणार. तात्याबा म्हणाला, व्हय, लईच हुशार दिसतंय. आणि टोपी घालून गेला.

आईने सगळं घर गोमूत्राने धुतलं. पीठ गोळा करून लांब नेऊन टाकलं. दुपारी कुणी भाकरी केली नाही.

सासूबाईंना फोन कुणी केला, याचा तपास करायला हवा होता. पण आज नको.

१९ जानेवारी, सोमवार
पौष संपला. सकाळी नऊलाच धोंडीराममामा गाडी घेऊन हजर.

मामा कमी बोलतात. चहा घेतला, पाळण्याच्या कडीला लागलेलं ग्रीस बोटाने बघितलं, बोट धोतराला पुसलं. मी त्यांना बाजूला घेतलं. म्हणालो, मामा, आता लपवू नका. तुमच्याकडे तो झोपतो ते नेमकं काय केल्याने? मामा विचारात पडले. म्हणाले, काई न्हाई. लेकरू झोपलं की आमी बी झोपतो.

एवढं सोपं असतं तर सगळ्यांना जमलं असतं. काहीतरी हातचं राखून सांगितलं.

दिपालीवर रागवायचं मी ठरवून ठेवलं होतं. पण ती भांडलीच नाही. कपडे भरता भरता म्हणाली, काचंच्या पेटीतून कवाच भाईर आलंय ते. मी म्हणालो, मला माहीत आहे की. ती म्हणाली, तुमी न्हाई आलात आजून. आणि माझ्या हातातून टोपरं घेतलं. मी ते का धरून उभा होतो कुणास ठाऊक. तिच्या बोलण्याचा अर्थ नंतर बघू.

गाडी वळेपर्यंत दारात उभा होतो. बाळ्या मामांच्या मांडीवर. खड्ड्यातून गाडी उडाली तरी झोपलेला.

२० जानेवारी, मंगळवार
सकाळी सासूबाईंचा फोन. रात्री छान झोपला म्हणे. मी विचारलं, श्वास बघत होतात का? त्या म्हणाल्या, कावून?

आजच्या रीडिंगमध्ये एकही अंगठा नाही. साहेब म्हणाले, सुधारलास. घरी आलो तर घर खायला उठलं. आई नुसतं ताट पुढे सरकवते.

पाळण्याशेजारून जाता जाता झोका दिला. मग आठवलं, रिकामा पाळणा हलवू नये, लेकराचं पोट दुखतं. पटकन दोन्ही हातांनी धरून थांबवला. मी विज्ञान मानतो. पण पोट त्याचं आहे.

ठरवलं आहे ते असं. आज रात्री शांतपणे झोपायचं. एकदाही उठायचं नाही. सगळं घर माझ्या ताब्यात, लेकरू नाही, रडणं नाही. ही झोप मी कमावली आहे.

२१ जानेवारी, बुधवार. पहाट
झोपलो नाही.

अकराला डोळा लागला आणि सवयीने जाग आली. बॅटरी घेऊन पाळण्यापाशी गेलो. बोट पुढे केलं. खाली नुसती गोधडी. अंधारात ते समजायला वेळ लागला आणि तेवढ्या वेळात काय काय झालं ते लिहिता येणार नाही. नंतर आठवलं, तो धर्मापुरीला आहे. मग वाटलं, तिथे तर सगळेच झोपतात. मामांनी स्वतःच्या तोंडाने कबूल केलंय. म्हणजे रात्री त्याच्याकडे बघायला तिथे एकही माणूस जागा नाही.

गादीवर येऊन पडलो. उठलो. पाणी प्यालो. तात्याबाच्या कोंबड्याची वाट बघितली, तोही मेला आज गप्प. शेवटी राहवलं नाही. दोन वाजून गेले असतील. दिपालीला फोन लावला. बराच वेळ वाजला. मग तिने उचलला आणि मागून बाळ्याचं बेंबीच्या देठापासून रडणं ऐकू आलं.

मी विचारलं, झोपलाय का तो?

ती म्हणाली, झोपला व्हता.

रडणं हळूहळू कमी झालं. तिने मोबाइल त्याच्याजवळ नेला असावा, कारण मला त्याचा श्वास ऐकू यायला लागला. मी कान दाबून धरला. तिकडून ती म्हणाली, ऐका. चालू हाय. आता तरी झोपा.

फोन तसाच सुरू ठेवून बसलोय. दोघांपैकी कोण घोरतंय ते कळत नाही.

तिच्या मोबाइलची रिंग एवढी मोठी कुणी करून ठेवली होती, हे मात्र बघायला पाहिजे. सासूबाईंवर संशय आहे.